पाच किलो बियाणं

नागपुरातल्या सदरच्या मंगळवारी बाजारात तांदळाची पोती तोंडं गुंडाळून उघडी ठेवलेली असतात. प्रत्येकात पुठ्ठ्याची एक पाटी खोचलेली असते: श्रीराम, चिन्नोर, एचएमटी. घेणारी बाई मूठभर तांदूळ उचलते, तळहातावर पसरते, फुंकर मारून कोंडा उडवते आणि दोन दाणे दाताखाली धरते. मग विचारते, "जुना आहे न भाऊ?" दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "जुनाच आहे जी, भात मोकळा होते."

मीही याच पोत्यातला तांदूळ वर्षानुवर्षं नेतो आहे. एकदा दुपारी गर्दी नव्हती म्हणून विचारलं, की याला एचएमटी का म्हणतात. "घड्याळाचं नाव आहे न ते," दुकानदार म्हणाला. मग तांदूळ कोणी काढला? त्यानं पिशवीत माप ओतता ओतता सांगितलं, "कंपनीनंच काढला असन."

तो कंपनीनं काढलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. मराठवाड्यातल्या शहराशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी हे वाण शोधलं. विदर्भातल्या ताटाताटांत त्यांचा दाणा आहे आणि तो वाढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक आहे. हे असं का झालं, याचं उत्तर शोधायला कायद्याचं पुस्तक पुरत नाही. मला त्या क्षणाकडे बघायचं आहे, जेव्हा एका माणसाची कल्पना दुसऱ्या माणसाच्या हातात जाते. तो क्षण बहुतेकदा अंगणात, बाजेवर, चहाच्या कपावर येतो. तिथे वकील नसतो. तिथे असतात ओळख, भीड, मान आणि विश्वास.

दादाजींची शाळा तिसरीपर्यंत झाली होती. शेत जेमतेम दीड एकर. 1983 साली 'पटेल 3' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता. धान कापताना असं वेगळं काही दिसलं तरी हात थांबत नाही. पेंढी बांधायची असते, मजूर पुढे गेलेले असतात. दादाजींचा हात थांबला. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी छोट्याशा जागेत त्या पेरल्या आणि भोवती काट्यांचं कुंपण केलं, कारण जंगल लागून आहे आणि रानडुकरं एका रात्रीत सगळं उधळतात.

धान स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून वेगळ्या झाडाची संतती बरीचशी त्याच्यासारखी निघते. पण 'बरीचशी' आणि 'पूर्ण' यांच्यामध्ये कित्येक हंगाम उभे असतात. दरवर्षी उंचसखल झाडं उपटायची, जाड दाण्याची लोंबी बाजूला काढायची, बारीक आणि एकसारख्या दाण्याची तेवढी राखायची. ज्याच्याकडे दीडच एकर आहे, त्यानं त्यातला तुकडा अशा कामाला देणं म्हणजे घरातल्या पोत्यातूनच प्रयोगाचा खर्च काढणं. पाचसहा वर्षं हे चाललं, तेव्हा कुठे बारीक दाण्याचं, चांगल्या उताऱ्याचं वाण हाती आलं. त्याला तेव्हा नाव नव्हतं.

1990 मध्ये गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्यानं दादाजींकडून दीडशे किलो बियाणं विकत घेतलं आणि चार एकरांत लावलं. माल बाजारात गेला. व्यापाऱ्याला दाणा आवडला, पण नाव नसलेला माल खपवायचा कसा? त्या काळी चांगल्या वस्तूची खूण म्हणजे एचएमटीचं घड्याळ. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं 1961 पासून बंगळुरूमध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली होती. लग्नात जावयाला, निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला तेच घड्याळ दिलं जाई. व्यापाऱ्यानं तांदळाला तेच नाव दिलं. तांदूळ एका शेतकऱ्याचा, नाव दुसऱ्याच कंपनीचं आणि बारसं करणारा तिसराच. ज्यानं जन्माला घातलं, त्याला बारशाला कोणी बोलावलं नाही.

1994 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या धान संशोधन केंद्राचा अधिकारी दादाजींकडे आला आणि प्रयोगासाठी पाच किलो बियाणं घेऊन गेला. 1998 मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं वाण प्रसारित केलं. दादाजींचं नाव त्यात नव्हतं. विद्यापीठाचं म्हणणं असं होतं, की मूळ बियाणं मिश्र होतं आणि ते शुद्ध करण्याचं काम आम्ही केलं. शुद्धीकरण हे खरंखुरं काम आहे, त्याला हंगाम लागतात, त्याचं श्रेय ज्यानं केलं त्याला मिळायलाच हवं. पण शुद्ध करायला जे आलं ते कुठून आलं, हे सांगायला एक ओळ पुरली असती.

आता त्या पाच किलोंकडे जरा जवळून बघू. लोक हळहळून म्हणतात, दादाजींनी लिहून घ्यायला हवं होतं. असं म्हणणाऱ्यानं स्वतःला त्या जागी उभं करून पाहावं. विद्यापीठाचा साहेब आपल्या दारी येतो, आपल्या धानाची विचारपूस करतो, यातच मोठा मान वाटतो. आलेल्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, मागितलं ते द्यायचं, ही आपली रीत. शिवाय बियाणं ही विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या देण्याघेण्याची वस्तू आहे. पेरणीच्या आधी शेजाऱ्याकडून पायलीभर आणायचं, धान निघालं की सवाईनं नाहीतर वाढीदिढीनं परत करायचं. हा हिशोब तोंडी असतो आणि तो चुकत नाही, कारण देणारा आणि घेणारा पुढच्या वर्षीही त्याच विहिरीवर भेटणार असतात. अशा ठिकाणी "साहेब, जरा सही करून द्या" म्हणणं म्हणजे दारी आलेल्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. त्यात देणारा दीड एकराचा दलित शेतकरी आणि घेणारा सरकारी माणूस असेल, तर ती सही मागायला किती बळ लागेल याचा विचार करा. मला तर वाटतं, शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी पावती मागितली नसती. मीही मागितली नसती.

तोंडी व्यवहार गावात टिकतो, कारण तिथे सगळे एकमेकांच्या नजरेत असतात. तीच वस्तू गावाची वेस ओलांडून कार्यालयाच्या फायलीत शिरली की नजर तुटते. देणारा अजून गावाच्या नियमानं वागत असतो, घेणारा कार्यालयाच्या नियमानं. फसवायचा हेतू कुणाचा नसला तरी या फटीत नाव पडून जातं.

आणि ते पडून जायला आपलं मनही हातभार लावतं. 1989 साली ॲलन ब्राउन आणि डाना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. चारचार जणांना एकत्र बसवलं आणि आळीपाळीनं एकेका प्रकारातली नावं घ्यायला सांगितली: चार पायांचे प्राणी, खेळ, वाद्यं, कपडे. आपण भेंड्या खेळतो तसंच. नंतर प्रत्येकाला विचारलं, तू स्वतः कोणती नावं घेतली होतीस ते सांग आणि मघाशी कोणीच घेतली नव्हती अशी काही नवी सांग. लोकांनी दुसऱ्यांची नावं बिनदिक्कत आपली म्हणून सांगितली, आणि 'नवी' म्हणून जी दिली त्यांतही काही मघाशीच घेतलेली निघाली. प्रमाण थोडं होतं, शंभरात काही थोडी. पण त्यांना खोटं बोलून काहीच मिळणार नव्हतं. प्रामाणिकपणे, ठाम खात्रीनं ते चुकत होते. त्यातही आपल्या लगेच आधी बोललेल्याची नावं जास्त उचलली गेली. आपली पाळी येण्याआधी आपण मनात आपलंच जुळवत असतो. कानावर पडलेलं आत जातं, पण ते कुणाकडून आलं याची नोंद होत नाही.

मानसशास्त्रात याला 'क्रिप्टोम्नेशिया' म्हणतात. आपण त्याला झाकलेली आठवण म्हणू. गोष्ट लक्षात राहते, तिचा पत्ता हरवतो. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन याच कारणानं न्यायालयात हरला. 1970 मधलं त्याचं 'माय स्वीट लॉर्ड' हे गाणं 1963 मधल्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याच्या चालीवर बेतलेलं आहे, असा दावा झाला. 1976 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की त्यानं हे जाणूनबुजून केलेलं नाही, नकळत झालेलं आहे. तरीही ते उल्लंघनच आहे. नकळत घेतलं म्हणून घेतलेलं दुसऱ्याचं असायचं थांबत नाही.

दुसरा हातभार आपल्या कष्टांच्या आठवणीचा. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले की बेरीज शंभराच्या वर जायची. कुणी बढाई मारत होतं असं नाही. स्वतः घासलेलं भांडं आठवतं, दुसऱ्यानं घासलेलं आठवत नाही, इतकं साधं कारण. हे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला लावून पाहा. पाच किलो बियाणं आलं तो एक दिवस. त्यानंतर रोवणी, नोंदी, तुलना, अहवाल, यांत गेली चार वर्षं. चार वर्षांनी वाणाकडे बघताना त्याला स्वतःचे कष्टच दिसणार. तो एक दिवस लिहून ठेवलेला नसेल तर तो धूसर होत जातो.

तिसरी गोष्ट समाजाची. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं 1968 मध्ये दाखवून दिलं, की विज्ञानात श्रेय आधीच नावाजलेल्याकडे वाहत जातं. एकच शोध मोठ्या आणि अनोळखी माणसानं मिळून लावला, तरी लोक मोठ्याचंच नाव घेतात. मर्टननं याला बायबलमधल्या मॅथ्यूवरून नाव दिलं. आपल्याकडे याला नाव नाही, अनुभव मात्र घरोघरी आहे. सुनेनं केलेल्या लोणच्याला सासूच्या नावानं दाद मिळते. कारकुनानं लिहिलेल्या टिपणावर साहेबाची सही होते. विद्यापीठ आणि नांदेडचा शेतकरी यांच्यामध्ये श्रेय कुठे वाहणार, हे उतारानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

म्हणून माणसाला मुळात न्यायाची जाणच नाही, असं कुणी समजू नये. क्रिस्टिना ओल्सन आणि ॲलेक्स शॉ यांनी लहान मुलांना दोन प्रकारची पात्रं दाखवली: एक स्वतःच्या मनानं चित्र काढणारं, दुसरं बघून नक्कल करणारं. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना नक्कल करणारा आवडला नाही. तीन-चार वर्षांच्यांना तेवढं काही वाटलं नाही. म्हणजे 'हे याचं आहे' ही समज खेळण्यापुरती राहत नाही, शाळेत जायच्या वयात ती कल्पनेलाही लागू होते. "बाई, यानं माझं पाहून काढलं!" ही तक्रार सदरच्या कोणत्याही शाळेत पहिलीच्या वर्गात ऐकू येते, आणि त्या पोराला कॉपीराइट हा शब्दही ठाऊक नसतो.

मग कायदा या सगळ्यात कुठे बसतो? 1994 मध्ये दादाजींसाठी तो कुठेच नव्हता. आपला 1970 चा पेटंट कायदा वनस्पती आणि बियाण्याला पेटंट देत नाही, आणि वाणांसाठी वेगळा कायदा अजून झालेला नव्हता. तो 2001 मध्ये झाला: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याचं प्राधिकरण 2005 मध्ये उभं राहिलं. या कायद्याच्या नावातच शेतकरी आहे, आणि माझ्या मते तीच त्याची मोठी गोष्ट. शेतकऱ्यानं विकसित केलेलं वाण त्याच्या नावे नोंदवता येतं. आणि बियाणं राखणं, पेरणं, देणंघेणं, विकणं हा त्याचा हक्कही शाबूत राहतो, फक्त नोंदणीकृत वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. म्हणजे वाढीदिढीच्या व्यवहाराला कायद्यानं हात लावला नाही.

बोलण्यातून निसटलेल्या कल्पनेसाठीही एक वाट आहे, पण अरुंद. आपल्याकडे विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी गुप्त राखण्यासाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगानं 2024 मध्ये व्यापारी गुपितांबाबत तसा कायदा सुचवला आहे. तोवर न्यायालयं विश्वासभंगाच्या जुन्या तत्त्वावर चालतात. 2003 मधलं मुंबई उच्च न्यायालयातलं झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांचं प्रकरण पाहण्यासारखं आहे. सनडायलनं एका मालिकेची कल्पना वाहिनीपुढे मांडली होती, बाळकृष्ण घरात येऊन राहतो अशा धर्तीची. पुढे तशीच मालिका वाहिनीवर येऊ लागली. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच आर. जी. आनंद प्रकरणात सांगितलं होतं. तरीही उच्च न्यायालयानं सनडायलची बाजू उचलून धरली, कारण कल्पना नीट आखलेली होती, लेखी टिपण आधी नोंदवलेलं होतं आणि ती विश्वासानं सांगितली होती. टिपण नसतं तर निकाल सनडायलच्या बाजूनं लागणं अवघड होतं. पेटंटच्या बाबतीत तर आधी बोलून बसणंच घातक असतं. शोध चारचौघांत जाहीर झाला की त्याचं नावीन्य संपतं. म्हणून आधी प्राथमिक अर्ज टाकावा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

हे सगळं शिकायची सोय सदरच्या लोकांना हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेज रस्त्यावर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. देशाच्या पेटंटांची माहिती पुरवणारी यंत्रणाही 1975 पासून नागपुरातच आहे. तरुण वकील, अभियंते, संशोधक तिथे प्रशिक्षणाला येतात. मला वाटतं, तिथे धान पिकवणाऱ्यांचाही एक वर्ग भरावा, मराठीतून, रोवणी आटोपल्यावर. आणि त्यात कलमांच्या आधी शिकवावं ते एवढंच: मन न दुखावता लिहून कसं घ्यावं. "साहेब, माझ्या वहीत तुमचं नाव आणि तारीख तेवढी टाका, पोरांना दाखवायला कामी येते." यात अविश्वास दिसत नाही, आलेल्याचा मानच होतो, आणि कागदही होतो.

कायद्याविना नाव जपणारे समाजही असतात. इमॅन्युएल फोशार आणि एरिक फॉन हिपेल यांनी फ्रान्समधल्या नामांकित स्वयंपाक्यांचा अभ्यास करून 2008 मध्ये लिहिलं, की पाककृतीला कायद्याचं संरक्षण जवळजवळ नसतानाही हे लोक तीन नियम पाळतात. दुसऱ्याची कृती जशीच्या तशी उचलायची नाही. विश्वासानं सांगितलेलं गुपित परवानगीशिवाय पुढे सांगायचं नाही. आणि ज्या कृतीवरून शिकलो, तिच्या कर्त्याचं नाव घ्यायचं. जो मोडतो त्याला पुढच्या वेळी कुणी काही सांगत नाही. आमच्या नागपुरात सावजी मटणाचं उलटं झालं. मसाला घराघरात राखला गेला, सासूनं सुनेला तो पुरवून पुरवून सांगितला. पण 'सावजी' ही पाटी कुणीही लावावी अशी झाली. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरून हे रांधणं आलं, हे पाटीवर कुठे लिहिलेलं नसतं.

दादाजींचं नाव पुढे घेतलं गेलं, पण उशिरा. 2005 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2010 मध्ये 'फोर्ब्स'नं देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. घरची तंगी तरीही सरली नाही. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीच्या शोधग्राम इथल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अर्धांगवायूनं आजारी होते.

एचएमटीनंतर त्यांनी आणखी वाणं काढली. यावेळी नाव ठेवायचं काम त्यांनी व्यापाऱ्यावर सोडलं नाही. एकाचं नाव नांदेड 92, एकाचं नांदेड हिरा, एकाचं नांदेड चिन्नोर, एकाचं विजय नांदेड. नकाशात शोधावं लागणारं ते खेडं प्रत्येक पोत्यावर आलं. आणि एका वाणाला त्यांनी नाव दिलं डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे.